न्हाणीघर : टब कीं धार?

अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेस, घाट उतरल्यावर, सोयगांव वसलें आहे. जिल्हा छत्रपति संभाजीनगरचा, म्हणजे मराठवाड्याचा. परंतु येथील ओढ्यानाल्यांचें पाणी गोदावरीकडे न जातां तापीकडे जातें, आणि लोकांच्या बोलण्यांत खानदेशची छटा पदोपदीं आढळते. याच तालुक्यांत फर्दापूर आहे, अजिंठ्याचीं लेणीं आहेत, आणि लेण्यांच्या वरच्या अंगाला सात कुंडांतून टप्प्याटप्प्यानें उड्या घेत उतरणारी वाघूर नदी आहे. पावसाळ्यांत ज्यानें तो देखावा पाहिला असेल, त्याला पाण्याचीं दोन रूपें एकाच ठिकाणीं दिसलीं असतील : एक वरून कोसळणारें, दुसरें कुंडांत सांठून राहणारें. वैशाखांत तेथें गेल्यास मात्र कोसळणारें पाणी नाहींसें झालेलें असतें आणि कड्यावर नुसती काळी रेघ उरलेली असते.

न्हाणीघर नव्यानें बांधावयास काढलेल्या गृहस्थापुढें जो प्रश्न येतो, तो मुळांत या दोन रूपांचाच असतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वींची मोरी उखडली जाते, फरशांचे नमुने ओट्यावर मांडले जातात, आणि घरांतील तरुण मंडळी दुकानदाराच्या सचित्र पुस्तकांतील पांढऱ्याशुभ्र टबावर बोट ठेवतात. वडील माणसें शॉवरलाही फारशीं राजी नसतात. त्यांना बादली आणि तांब्या पुरेसा वाटतो. गवंडी दोघांचेंही ऐकून घेतो आणि 'सांगाल तसें करूं' म्हणून थांबतो. निर्णय बहुधा त्याच दिवशीं, उभ्या उभ्या, होतो; त्याचें ओझें मात्र घर पुढलीं वीस-पंचवीस वर्षें वाहत राहतें.

जुन्या मराठी घरांतील न्हाणी ही दिसावयास अगदीं साधी, परंतु विचारपूर्वक बांधलेली असे. ती बहुधा मागील पडवीच्या टोकाला, परसाच्या बाजूस असे. खालीं घडीव दगड किंवा शहाबादी फरशी, एका कोपऱ्याकडे उतार, भिंतींत एक भोंक, आणि भोंकापलीकडे अळूचा वाफा किंवा केळीचें बेट. बाजूला तांब्याचा बंब. मधल्या नळींत निखारे आणि भोंवतीं पाणी. घंगाळांत कढत पाणी काढावयाचें, त्यांत बेताबेतानें विसण घालावयाचें, हात घालून ऊब पाहावयाची, पाटावर बसून तांब्यातांब्यानें पाणी अंगावर घ्यावयाचें, टाचा वजरीनें घासावयाच्या, ही सारी क्रिया पंधरा-वीस लिटर पाण्यांत पार पडे. दिवाळीच्या पहाटे तेल-उटण्याचें अभ्यंगस्नान होई, तेव्हां एखादें घंगाळ अधिक लागे, इतकेंच. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, अंगावरून ओघळलेलें पाणी पुन्हां अंगाला लागत नसे. तें एकदां वाहून गेलें कीं अळूचें झालें. वाहतें पाणी शुद्ध आणि सांठलेलें पाणी मळकट, ही समजूत इतकी खोल रुजलेली होती कीं, नदीवर स्नानास जाणारा मनुष्यही प्रवाहाकडे तोंड करून बुडी घेई.

ही रीत किती जुनी आहे याची एक साक्ष सोयगांव तालुक्यांतच मिळते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांतील चित्रें सामान्यतः पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मानतात. त्यांत स्नानाचा एक प्रसंग आहे. अभ्यासक तो बहुधा महाजनक जातकाच्या कथेशीं जोडतात. राजपुरुष खांबांच्या मंडपांत आसनावर बसला आहे आणि सेवक घटांतून त्याच्या मस्तकावर पाणी ओतीत आहेत. हें स्नान अभिषेकाचें आहे असें म्हणावें, तर त्यावरून त्या काळच्या नित्य स्नानाविषयीं मोठे सिद्धांत काढणें धाडसाचें होईल. तरी एवढें खरें कीं, राजाचें ऐश्वर्य दाखवावयाचें असतां चित्रकारानें त्याला पाण्यांत बुडविलें नाहीं, धारेखालीं बसविलें. सिंधमधील मोहेंजोदडो येथील महास्नानगृहाचें चित्र शाळेच्या पुस्तकांतून सर्वांनीं पाहिलेलें असतें. परंतु त्याच नगरांतील घराघरांत सांपडलेले विटांचे उतरते स्नानओटे आणि त्यांच्या मोऱ्या यांकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. बुडून स्नान करावयाचें तें कुंडांत, नदींत, सार्वजनिक जागीं. घरीं मात्र पाणी ओतून घ्यावयाचें, अशी ही जुनी वांटणी दिसते.

टबाचा जन्म वेगळ्या गरजेंतून झाला. थंड देशांत शेकोटीपुढें मोठें भांडें ठेवून त्यांत कष्टानें तापविलेलें पाणी ओतीत, आणि पुष्कळ गरीब घरांतून तेंच पाणी एकामागून एक सारें कुटुंब वापरीत असे. ऊन पाण्यांत अंग बुडालें म्हणजे हाडांत शिरलेली थंडी निघते. त्या हवेंत हें सुख खरेंखुरें आहे. इंग्रज अधिकारी हिंदुस्थानांत आले ते आपला जस्ताचा टब घेऊन आले. बंगल्याच्या गुसलखान्यांत भिस्त्यानें पखालींतून पाणी आणून ओतावें आणि साहेबानें त्यांत बसावें, हा क्रम जोंवर दुसऱ्याच्या पाठीवरून पाणी येत होतें तोंवर निर्वेध चालला.

शॉवरची कथा याच्या उलट आहे. तो आज चैनीचा वाटतो खरा, पण त्याचा प्रसार काटकसरीमुळें झाला. फ्रान्समधील रूआं शहराच्या तुरुंगांत मेरी देलाबोस्त नांवाच्या वैद्यानें 1872 च्या सुमारास कैद्यांना टबाऐवजीं वरून पडणाऱ्या धारेखालीं उभें करण्याची व्यवस्था सुरू केली. थोड्या पाण्यांत, थोड्या इंधनांत आणि थोड्या वेळांत पुष्कळ माणसें स्वच्छ होतात, हें दिसून आल्यावर ती पद्धत लष्कराच्या बराकींत आणि शाळांत शिरली. अर्थात् शॉवर म्हणजे तांब्याचाच दूरचा भाऊ. फक्त ओतणारा हात नळानें घेतला.

हें नातें ध्यानांत ठेवून हिशेब मांडला म्हणजे पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात. सामान्य मापाचा, म्हणजे सुमारें साडेपांच फूट लांब व सव्वादोन फूट रुंद टब, मनुष्य त्यांत बुडेल इतका भरावयाचा तर दीडशें लिटरच्या आसपास पाणी लागतें. शॉवरच्या चाळणींतून मिनिटाला आठ लिटर पाणी पडतें असें धरल्यास पांच मिनिटांच्या स्नानास चाळीस लिटर पुरतें. बादलीचें स्नान वीस लिटरांत होतें. ग्रामीण घरांना नळानें पाणी देण्याच्या जलजीवन मिशनमध्यें माणशीं दररोज 55 लिटर पाण्याचें मान धरलेलें आहे; भुयारी गटार असलेल्या शहरांसाठीं तें 135 लिटर धरतात. त्यांत पिणें, स्वयंपाक, धुणें, भांडीं, शौच, सारें आलें. तेव्हां टबांत एकदां बसणें म्हणजे खेड्यांतील जवळजवळ तिघांचा दिवसभराचा वांटा एकट्यानें संपविणें, आणि शहरांतही स्वतःच्या वांट्याबाहेर जाणें होय. मराठवाड्यानें 1972 चा दुष्काळ पाहिला, आणि 2016 च्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी आलेलें पाहिलें. ज्या प्रदेशानें हें पाहिलें आहे तेथें हा हिशेब नुसता कागदावरचा राहत नाहीं. गच्चीवरची टांकी चैत्रांत अर्धी भरली तर टब कोरडा राहतो, आणि कोरडा टब हा घरांतला मोठा अडगळीचा पदार्थ असतो. अनेक घरांत त्यांत शेवटीं बादल्या व घासणीचे कपडे ठेवलेले आढळतात.

शॉवरच्या बाजूचा हिशेब मात्र एका अटीवर खरा आहे. पांच मिनिटें म्हणजे पांच मिनिटें. तांब्याला जें मोजमाप आपोआप असतें तें नळाला नसतें. बादली संपते, धार संपत नाहीं. डोक्यावर ऊन पाणी पडत असतां विचारांत गढलेला मनुष्य वीस मिनिटें उभा राहिला तर त्यानें एकशें साठ लिटर खर्च केले, म्हणजे टबालाही मागें टाकलें. मोठ्या थाळीएवढ्या चाळणीचे जे नवे शॉवर हौसेनें बसविले जातात, त्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. म्हणून चाळण बेताची घ्यावी, आणि साबण लावतांना धार बंद करतां येईल अशी वेगळी कळ हाताच्या अंतरावर असावी.

पाणी तापविण्याचा खर्चही याच प्रमाणांत वाढतो. एक युनिट विजेंत सुमारें 860 लिटर पाणी एका अंशानें तापतें. हिवाळ्यांत वीस अंशांचें पाणी चाळीस अंशांवर न्यावयाचें तर बादलीला अर्ध्या युनिटाहून किंचित् कमी, चाळीस लिटरच्या शॉवरला सुमारें एक, आणि दीडशें लिटरच्या टबाला साडेतीन युनिट वीज लागते. पैशांहून अडचण मोठी आहे ती निराळीच. पुष्कळ घरांतील गीझर पंचवीस लिटरचा असतो. त्यांतील साठ अंशांचें पाणी तितक्याच गार पाण्यांत मिसळलें तर पन्नास लिटर कोमट पाणी मिळतें. टब भरावयास असे तीन गीझर लागतात. आणि दोन किलोवॅटच्या गीझरला प्रत्येक वेळीं पुन्हां तापावयास पाऊण तासाहून थोडाच कमी वेळ लागतो. तिसरा हप्ता येईपर्यंत पहिला निवून गेलेला असतो. दुकानांत टब पाहतांना गीझरची ही गोष्ट कोणी सांगत नाहीं.

वजनाचा विचार तर बहुतेकांच्या मनांतही येत नाहीं. दीडशें लिटर पाणी म्हणजे दीडशें किलो. त्यांत मनुष्याचे साठ-पासष्ट आणि टबाचे स्वतःचे, हलक्या ॲक्रिलिकचा असल्यास तीस-चाळीस, ओतीव लोखंडाचा असल्यास शंभरांहून अधिक, असे मिळवले म्हणजे अडीचशें ते सव्वातीनशें किलोंचा भार जेमतेम सव्वा चौरस मीटर जागेवर बसतो. निवासी न्हाणीघरासाठीं भारतीय मानकांत दर चौरस मीटरला साधारण दोनशें किलो भार धरलेला असतो. तळमजल्यावर, भरीव जमिनीवर, याची चिंता नाहीं. परंतु वरच्या मजल्यावर टब बसवावयाचा असेल तर स्थापत्यशास्त्र जाणणाऱ्यास आधीं विचारावें. मराठवाडा-खानदेशांतील जुनीं घरें पुष्कळदां माळवदाचीं असतात : सागवानी तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर फळ्या, आणि वर मातीचा थर. असल्या मजल्यावर टब तर नकोच, पण शॉवरही विचारानेंच बसवावा. तेथें खरा शत्रु ओल हा आहे. तुळईचें भिंतींत शिरलेलें टोंक ओलीनें कुजतें तें बाहेरून दिसत नाहीं. दिसतें तेव्हां छत वांकलेलें असतें. शक्य असल्यास न्हाणीघर खालींच ठेवावें. जुन्या माणसांनीं तें परसाच्या टोकाला नेलें होतें त्यांत सोंवळ्याओंवळ्याचा भाग असेल, पण लाकूड राखण्याचा शहाणपणाही होता.

शॉवर घ्यावयाचें ठरलें म्हणजे सारें संपलें असें नाहीं. धारेला जोर हवा, आणि तो जोर उंचीवरून येतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एका चौरस सेंटिमीटरवर सुमारें एक किलो पडतो. टांकी गच्चीवर एक मीटर उंचीच्या ओट्यावर आणि न्हाणीघर तिच्या अगदीं खालच्याच मजल्यावर असेल, तर चाळणीपाशीं जेमतेम दोन मीटरांचा दाब मिळतो. पाणी पडत नाहीं, ठिबकतें. एक मजला खालीं तोच शॉवर चांगला चालतो. अशा ठिकाणीं टांकीचा ओटा आणखी एक-दीड मीटर उंच करणें हें पंप बसविण्यापेक्षां स्वस्त व निर्धास्त असतें; मात्र त्या ओट्याखालीं भिंत किंवा खांब आहे हें पाहून घ्यावें. दुसरी गोष्ट क्षारांची. काळ्या पाषाणांतील विहिरींचें व विंधनविहिरींचें पाणी अनेक ठिकाणीं जड असतें. गीझरच्या पोटांत आणि चाळणीच्या छिद्रांत तें पांढरा थर धरतें, आणि वर्षाच्या आंत धार चोहोंकडे फांकूं लागते. चाळण आटे फिरवून काढतां येण्याजोगी घ्यावी. महिन्या-दोन महिन्यांनीं ती रात्रभर व्हिनेगरमध्यें किंवा लिंबाच्या रसांत ठेवली म्हणजे थर सुटतो.

आतां या प्रश्नाचें सर्वांत नाजुक अंग. न्हाणीघर हें घरांतील सर्वांत निसरडें ठिकाण आहे, आणि घरांतील सर्वांत अशक्त माणसाला तेथें रोज जावेंच लागतें. टबाचा कांठ दीड ते दोन फूट उंच असतो. आंत उतरतांना एक पाय कोरड्या फरशीवर, दुसरा ओल्या गुळगुळीत तळावर, आणि शरीर मध्येंच अधांतरीं, अशी अवस्था होते. बाहेर येतांना ऊन पाण्यानें अंग सैल पडलेलें व कधीं कधीं डोळ्यांपुढें अंधारी आलेली असते. सत्तरीच्या आजीला खुब्याचें हाड मोडावयास एवढें निमित्त पुरतें. आणि त्या वयांत खुबा मोडला म्हणजे घराची सारी दिनचर्याच मोडते. उंबरा नसलेली, एकाच सपाटीची, खरबरीत फरशीची शॉवरची जागा या दृष्टीनें कितीतरी बरी. परंतु तेथेंही वृद्धानें उभें राहूनच स्नान करावें हा आग्रह कशाला? आजीचें स्नान पाटावर बसून होत आलें आहे. तिचे गुडघे आतां पाटावर बसूं देत नसतील तर रबरी पायांचें घट्ट स्टूल द्यावें, हाताशीं भिंतींत पक्का बसविलेला दांडा द्यावा, आणि वरच्या चाळणीखेरीज लवचीक नळीचा हातांत धरावयाचा शॉवर द्यावा. शिवाय खालचा नळ काढून टाकूं नये. तेथें बादली भरतां आली पाहिजे. पाणी न आलेल्या दिवशीं, वीज गेलेल्या सकाळीं, आणि तान्ह्या मुलाला पाय पसरून त्यांवर घेऊन न्हाऊं घालणाऱ्या बाईला शॉवरचा कांहीं उपयोग नसतो.

न्हाणीघरांत शॉवर बसवितांना हा खालचा नळ हटकून काढला जातो. भिंत सुबक दिसावी म्हणून. ही चूक आहे.

टबाची बाजू मांडावयाची तर ती आजाऱ्याच्या बाजूनें मांडावी. आयुर्वेदांत अवगाह म्हणून जो स्वेदनाचा प्रकार आहे त्यांत रोग्याला औषधी काढ्याच्या द्रोणींत बसवितात. जर्मनींतील लुई कूने यानें कटिस्नानाचा पुरस्कार केला आणि गांधीजींनीं त्याचे प्रयोग स्वतःवर केले. 1946 मध्यें त्यांच्या प्रेरणेनें पुण्याजवळ उरुळी कांचन येथें निसर्गोपचार आश्रम निघाला, तेथें जलोपचारांना मानाचें स्थान मिळालें. आजचे डॉक्टरही मूळव्याधीच्या रोग्याला किंवा बाळंतिणीला कोमट पाण्यांत बसावयास सांगतात, आणि सांध्यांच्या दुखण्यांत ऊन पाण्यानें कित्येकांना बरें वाटतें. हें सर्व खरें असलें तरी कटिस्नानाला कमरेपुरतें पसरट भांडें पुरतें. वर्षांतून दहा दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठीं तीनशें पंचावन्न दिवस खोली अडविणें यांत व्यवहार नाहीं. ज्याच्या घरीं जागा मोकळी, विहीर बारमाही, न्हाणीघर तळमजल्यावर, आणि छपरावर मोठें सौर तापकयंत्र आहे, त्यानें टब अवश्य घ्यावा. पण शॉवरऐवजीं नव्हे, शॉवरखेरीज. असा मनुष्य सोयगांवांत किती घरांत सांपडेल हें तेथल्या रहिवाशांनाच ठाऊक.

निवड कोणतीही असो, हवेचा प्रश्न तिच्याहून मोठा आहे. जुना बंब आंतल्या बंद खोलींत न पेटवितां पडवींत किंवा परसांत पेटवीत, याचें कारण धूर एवढेंच नव्हतें. अपुऱ्या हवेंत जळणाऱ्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड हा रंगगंधहीन विषारी वायु निघतो. नव्या न्हाणीघरांत बंबाची जागा गॅसच्या गीझरनें घेतली आहे, आणि तो पुष्कळदां दारें-झरोके बंद असलेल्या लहानशा खोलींतच टांगलेला असतो. बाहेर घरचीं माणसें वाट पाहत असतात, आंत धार चालू असते, आणि स्नान करणारा मनुष्य कोणतीही वेदना न होतां बेशुद्ध पडतो. टब असल्यास ही खोली अधिक वेळ बंद राहते आणि गीझरही अधिक वेळ जळतो, म्हणून धोका तितकाच वाढतो. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा. फक्त नळी आंत आणावी. विजेच्या गीझरला चांगली भूतार जोडणी आणि गळती होतांच प्रवाह तोडणारें यंत्र हवें. फरशीचा एखादा भारी नमुना कमी करून हा खर्च करावा लागला तरी करावा.

राहतां राहिली ती जमीन. स्थापत्याच्या इंग्रजी पुस्तकांत फरशींतील जाळीखालच्या पाणसांध्याला आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपला न्हाणी हा शब्द त्या शास्त्रांत कायमचा जाऊन बसला आहे, ही एक मौजेची गोष्ट. या जाळीकडे दर फुटामागें सुमारें पाव इंच उतार असावा. शॉवरचे तुषार दूर उडतात, म्हणून उतार केवळ धारेच्या जागेपुरता न ठेवतां साऱ्या जमिनीला द्यावा. पाणीरोधक थर जमिनीवरच नव्हे, भिंतींवरही, धारेच्या बाजूस निदान सहा फुटांपर्यंत चढवावा. तो सुकल्यावर, फरशी बसविण्यापूर्वीं, जाळीचें तोंड चिंध्यांनीं घट्ट बंद करावें, जमिनींत दोन इंच पाणी भरावें, कांठाला खडूची रेघ मारावी, आणि एक दिवस व एक रात्र तें तसेंच ठेवावें. दुसऱ्या दिवशीं रेघ उघडी पडली किंवा खालच्या छतावर डाग उमटला, तर गवंड्याला परत बोलवावें. घाई असेल तरी फरशी लावूं देऊं नये. रेघ जागेवर असेल तर जाळी मोकळी करावी, आणि तें पाणी परसांतल्या केळींकडे सोडावें.